सातबारा ब्लॉकचेनवर चढवला, पण इतर हक्कांचं काय?

जमिनीचे कागद तपासून देणं हा माझा धंदा. नाशिकमध्ये या धंद्यात असलेल्या प्रत्येक वकिलाला हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, सगळं ब्लॉकचेनवर येणार म्हणे. मग तुमचा सर्च रिपोर्ट, जाहीर नोटीस, हरकती, सगळं बंदच ना?" विचारणारा बहुधा आयटीतला असतो आणि मखमलाबाद नाहीतर गंगापूर रोडकडे प्लॉट बघत असतो. प्रश्नात थोडी टिंगल असते, थोडी आशाही असते. आशा मला समजते. तीस वर्षांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, चाळायचे, जुन्या फेरफारांच्या नकला काढायच्या, त्यातलं मोडीतलं एखादं पान वाचून घ्यायला कुणाला तरी गाठायचं, हे सगळं एका बटणावर यावं असं कुणालाही वाटेल.

दुसरा प्रश्न जास्त जोखमीचा. जमीन, गाळा, सोनं, कांदा, चित्र, काहीही घ्या, त्याचे हजार भाग पाडा, प्रत्येक भागाचं एक टोकन करा आणि ते फोनवरून विका, अशी कल्पना आहे. तिला टोकनायझेशन म्हणतात. पाच हजारांत द्राक्षबागेचे मालक व्हा, असं कुणी सांगितलं तर पैसे घालावेत का, हे लोक विचारतात. त्याचं उत्तर देण्याआधी ही गोष्ट कुठवर चालते आणि कुठे अडते ते सांगायला हवं. ब्लॉकचेन आपलं काम चोख करते. मात्र तिची हद्द जिथे संपते, तिथूनच माझ्या अशिलांचे बहुतेक वाद सुरू होतात.

ब्लॉकचेन ही एक हिशेबाची वही आहे. ती एका कचेरीत एका कारकुनाच्या ताब्यात नसते, हजारो संगणकांवर तिची सारखीच प्रत असते. व्यवहारांचा एकेक गठ्ठा म्हणजे ब्लॉक. प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा एक गणिती ठसा घातलेला असतो, त्याला हॅश म्हणतात. मागच्या पानावरचा एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो, आणि पुढच्या सगळ्या पानांचे ठसे जुळेनासे होतात. म्हणून गुपचूप खाडाखोड करता येत नाही. नोंद कोण बदलू शकतो हे किल्लीवर ठरतं. ज्याच्याकडे एक लांबलचक गुप्त आकडा आहे, ज्याला प्रायव्हेट की म्हणतात, तोच आपल्या नावावरचं दुसऱ्याच्या नावावर करू शकतो. 'नाव' हा शब्द आपण सवयीने वापरतो. वहीत असतात ते आकडे-अक्षरांचे पत्ते, त्यामागचा माणूस कोण हे वहीला माहीत नसतं.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यातला प्रश्न अगदी नेमका होता. मधे बँक नसेल तर एकच डिजिटल पैसा दोघांना देण्याची लबाडी कशी रोखायची? जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झालं आणि हे उत्तर आजवर टिकलं. ते टिकण्याचं एक मोठं कारण असं की बिटकॉइन ही चीज त्या वहीबाहेर कुठेच नाही. कुठल्याही तिजोरीत बिटकॉइनची नाणी ठेवलेली नाहीत, वहीतली नोंद हेच नाणं. त्यामुळे वही बरोबर असली की मालकीही बरोबर. खात्री करायला बाहेर जावंच लागत नाही.

आता त्याच वहीत लिहा : टोकन क्रमांक ४७, मौजे अमुक, गट नंबर तमुक, दोन एकर द्राक्षबाग. इथे सगळा मामला बदलला. टोकन वहीत आहे आणि बाग दिंडोरीत आहे. टोकनवर वहीची पूर्ण सत्ता, बागेवर काडीची नाही. या दोघांना बांधून ठेवतात ते करार, कायदे आणि माणसं. त्यातलं काही सुटलं तर वहीला पत्ताही लागत नाही.

नाशिककरांना हे समजायला फार लांब जावं लागू नये. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, देशाचे मुद्रांक तिथे छापले गेले. शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. तेलगीच्या बनावट मुद्रांकांनी देश हादरला, तेव्हा त्याने यंत्रसामग्री याच प्रेसच्या भंगारातून मिळवल्याचं तपासात पुढे आलं. त्यानंतर सगळ्यांचं लक्ष कागद अस्सल आहे की नाही याकडे गेलं, आणि ते बरोबरच होतं. पण दिवाणी कोर्टात येणारे फसवणुकीचे दस्त बघाल तर ते बहुतेक अस्सल स्टॅम्पपेपरवरच असतात. कागद खरा, शिक्का खरा, सहीसुद्धा खरी, फक्त विकलेली जमीन विकणाऱ्याची नसते. ब्लॉकचेन म्हणजे कुणालाच बनावट करता येणार नाही असा स्टॅम्पपेपर समजा. त्यावर लिहिलेला मजकूर खरा आहे का, हे त्या कागदाला विचारून उपयोग नाही.

जमिनीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठी स्वप्नं तिथेच विकली जातात.

एखादा सातबारा हातात घ्या. वरचा भाग म्हणजे गाव नमुना सात. गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, आकार, भोगवटादाराचं नाव. लोक इथवर वाचतात आणि कागदाची घडी घालतात. मी आधी उजवीकडचा कुळाच्या नावाचा आणि इतर हक्कांचा रकाना वाचतो. निफाड-दिंडोरीकडच्या उताऱ्यावर तिथे बरंच काही सापडतं : विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा, बँकेचं पीककर्ज, विहिरीत अर्धा हिस्सा, शेजारच्या गटात जाणाऱ्या पाइपलाइनचा हक्क, बहिणींची नावं. भोगवटादाराच्या नावापुढे कधी 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकट्या थोरल्याचं, जमीन सगळ्यांची. 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असेल तर मालक अल्पवयीन आहे, आणि विक्रीला बहुतेक वेळा कोर्टाची परवानगी लागते. काही नावांना कंस केलेला असतो, आणि तो कंस कुठल्या फेरफाराने केला हे शोधताना खरी गोष्ट बाहेर पडते. आणि हे झालं कागदावरचं. बांधावरून तीन पिढ्या चालत आलेली गाडीवाट, पाटपाण्याची पाळी, तोंडी वाटणी करून दोघा भावांनी मधे घातलेला बांध, यातलं काही उताऱ्यावर उमटलेलंच नसतं. टोकन बनवणारा यातलं कोडमध्ये किती घेईल? क्षेत्र आणि नाव घेईल. भांडणं मात्र बाकीच्यावर होतात.

त्यात सातबारा हा मुळात मालकीचा दाखलाच नाही. शेतसारा कुणाकडून घ्यायचा यासाठी ठेवलेला तो महसुली कागद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे तिथली नोंद खरी मानतात, पण ती चुकीची असल्याचं सिद्ध होईपर्यंतच. नोंदणी कार्यालयाचंही तसंच. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, विकणाऱ्याचा हक्क पक्का आहे अशी हमी ते देत नाहीत. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात हेच दुखणं बोलून दाखवलं आणि ब्लॉकचेनचा विचार व्हावा असंही सुचवलं. सूचना वाईट नाही. पण वहीतली पहिली नोंद कुणाच्या नावाने करायची हे आधी ठरवायला हवं, आणि ते ठरवायला मोजणी, चौकशी, हरकती, सुनावणी हे जुनंच काम करावं लागणार. ते न करता आजचा उतारा जसाच्या तसा चढवला, तर त्यातली चूकही तितकीच पक्की होऊन बसेल. जॉर्जिया या देशाने २०१६ पासून जमीन नोंदींचे हॅश ब्लॉकचेनवर ठेवायला सुरुवात केली. तिथे ते जमलं, कारण नोंदणी खातं त्याच्या कितीतरी आधी सुधारून झालं होतं. होंडुरासमध्ये २०१५ साली असाच गाजावाजा झाला आणि प्रकल्प रखडला.

याहून खोल अडचण वेगळीच आहे, आणि माझ्या मते तीच मुख्य. ब्लॉकचेनवर मालकी एकाच रीतीने हलते : किल्लीवाल्याने हलवली तर. जमिनीची मालकी मात्र कुणी काहीही न करता हलते. आजोबा वारले की त्याच क्षणी वारसांचे हक्क उभे राहतात, मग तलाठ्याकडे वारसनोंद दहा वर्षांनी का होईना. मुलगी जन्मली की वडिलोपार्जित मिळकतीत तिचा हिस्सा जन्मापासून. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तो दिला, आणि त्यावरचा घोळ सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात २०२० मध्ये मिटवला. शेजाऱ्याने उघडपणे, आपलीच जमीन म्हणून बारा वर्षं वहिवाट केली तर मुदतीच्या कायद्याने मूळ मालकाचा दावाच बुडू शकतो. भूसंपादनाचा निवाडा होऊन ताबा गेला की जमीन शासनाची. यातल्या एकाही घटनेत कुणी किल्ली वापरलेली नाही. वहीत जुनंच नाव, आणि तांत्रिकदृष्ट्या ती वही अगदी बरोबर.

एका अशिलाचा मुलगा, संगणक शिकलेला, वाटणीच्या बैठकीत मला म्हणाला, "काका, आत्यांचा हिस्सा कोडमध्येच टाकला तर? मग कुणाला डावलताच येणार नाही."

"टाकता येईल की रे," मी म्हटलं. "पण टाकणार कोण? तुझे वडील आणि चुलते?"

वडील खिडकीबाहेर बघायला लागले. हक्कसोडीचा मसुदा त्यांच्याच पिशवीत होता.

आता विक्रीचं बघू. शंभर रुपयांची किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत दस्त लागतो, असं मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५४ सांगतं. नोंदणी कायदा, १९०८ चं कलम १७ त्याला दुजोरा देतं. टोकन एका वॉलेटमधून दुसऱ्यात गेलं म्हणजे खरेदीखत झालं, असं दोन्हींत कुठेही नाही. शेतजमीन असेल तर कूळकायद्याचं कलम ६३ मधे येतं. जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हिंजवडीत बसून फोनवर बागेचा हजारावा भाग घेणारा माणूस शेतकरी आहे का, हे ब्लॉकचेन विचारत नाही, महसूल खातं मात्र विचारतं. त्यापुढे १९४७ चा तुकडेबंदी कायदा. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ही किमान मर्यादा आहे. शहरांलगत अलीकडे सवलती आल्या, पण शेताचे हजार भाग पाडायची मुभा त्यात नाही.

म्हणून योजनावाले जमिनीचं टोकन सहसा करतच नाहीत. ते एक कंपनी काढतात, मिळकत तिच्या नावावर घेतात आणि कंपनीतल्या हिश्श्याचं टोकन विकतात. शेतजमिनीला कंपनी काढली तरी कलम ६३ सुटत नाही, गाळा किंवा बिनशेती प्लॉट असेल तर हा रस्ता उघडा आहे. फक्त मग तुमच्या हातात जमीन नसते, कंपनीवरचा दावा असतो. तो किती दमदार आहे हे कंपनीचे कागद आणि चालवणारी माणसं यांवर ठरतं.

अमेरिकेत डेट्रॉइटला रिअल-टी नावाच्या कंपनीने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. शेकडो जुनी घरं, त्यांच्यामागे छोट्या छोट्या कंपन्या आणि त्यांचे स्वस्त टोकन जगभर विकलेले. भाड्याचा वाटा वॉलेटमध्ये जमा व्हायचा. २०२५ मध्ये डेट्रॉइट शहराने चारशेहून जास्त मिळकतींच्या दुरवस्थेवरून त्या कंपनीवर खटला भरला. टोकनांचा हिशेब कुणी चुकीचा ठरवला नव्हता, तक्रार घरांच्या अवस्थेबद्दल होती. देशोदेशी विखुरलेल्या मालकांपैकी छपरावर चढून बघणार कोण, हा प्रश्न कोड लिहून सुटत नाही. द्राक्षबागेला तर तो जास्तच लागू. अवकाळी पाऊस झाला की डाऊनी या बुरशीरोगाची फवारणी रातोरात काढावी लागते. हजार टोकनवाल्यांचं मतदान होईपर्यंत मणी गळून गेलेले असतात.

हिश्शाहिश्शाने मिळकत घ्यायचीच असेल तर सेबीने मार्च २०२४ मध्ये छोट्या व मध्यम रीटचे, म्हणजे लोकांचे पैसे एकत्र करून मिळकती घेणाऱ्या ट्रस्टांचे, नियम केले आहेत. योजनेची मालमत्ता किमान ५० कोटींची, एका युनिटची किंमत किमान १० लाख. छोट्या गुंतवणूकदाराच्या आवाक्यात ते नाही हे खरं. त्याच्या आवाक्यात यावं अशी सेबीची इच्छाही नसावी, असं मला वाटतं.

आता कांदा. लासलगावच्या आसपासच्या एका चाळीत एप्रिलमध्ये दोनशे क्विंटल उन्हाळ कांदा भरला आणि दोनशे टोकन काढले असं धरा. एक टोकन, एक क्विंटल. सप्टेंबर उजाडला. वहीत दोनशेच आहेत. चाळीत ओलावा उडून वजन घटलंय, खालच्या थराला पाणी सुटलंय, कडेच्या मालाला कोंब फुटलेत, मधल्याला काजळी आलीय. चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के घट इथल्या कुणाला नवी नाही. उरलेला मालही एकसारखा नसतो, गोल्टी वेगळी, चांगला मोठा माल वेगळा, आणि लिलावात दोघांचा भाव वेगळा. टोकन मात्र सगळे एका मापाचे. मग टोकन क्रमांक १ वाल्याला चांगला माल आणि १८० वाल्याला सडका, की सगळ्यांनी घट वाटून घ्यायची? हे आधी करारात लिहिलं नसेल तर चाळीच्या दारात भांडण ठरलेलं.

बरं, घट झाली हे वहीत घालणार कोण? बाहेरच्या जगाची खबर आत नेणाऱ्या या दुव्याला ब्लॉकचेनवाले ओरॅकल म्हणतात. तो कच्चा असला तर आतलं सगळं गणित फुकट. सेन्सर लावा म्हणतात. सेन्सर तापमान सांगेल, दमटपणा सांगेल. काट्यावर हळूच टेकवलेला पाय त्याला दिसत नाही.

हा धोका कल्पनेतला नाही. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या मालाच्या बाजाराचे सौदे ३१ जुलै २०१३ रोजी थांबले, तेव्हा सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे जवळपास ५,६०० कोटी रुपये अडकले. सौदे, पावत्या, हिशेब, सगळं इलेक्ट्रॉनिक आणि नीटनेटकं होतं. गोदामं उघडून बघितली तेव्हा बऱ्याच ठिकाणी माल नव्हताच, किंवा पावतीच्या मानाने नगण्य होता. तिथे ब्लॉकचेन नव्हती. असती तर नसलेल्या मालाच्या पावत्या अधिक भक्कमपणे जपल्या गेल्या असत्या, एवढंच.

त्यामानाने गोदाम विकास व नियमन प्राधिकरणाची पद्धत साधी, पण अक्कलहुशारीची आहे. २००७ च्या कायद्याखाली गोदाम नोंदवायचं, त्याची तपासणी व्हायची, अनामत आणि विमा ठेवायचा, आणि मग २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक परक्राम्य पावती, म्हणजे दुसऱ्याच्या नावे करता येणारी. पावतीवर मालाचा दर्जा असतो आणि तिला मुदतही असते, कारण शेतमाल कायम टिकत नाही हे ज्यांनी नियम लिहिले त्यांना ठाऊक होतं. माल दिला नाही तर धरायला गोदामवाला आहे.

द्राक्षांच्या बाबतीत नाशिकने अजून एक गोष्ट शिकवली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी प्राधिकरणाची ग्रेपनेट ही माग काढण्याची व्यवस्था २००६ च्या सुमारास सुरू झाली. प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेतला रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या रसायनांच्या अंशांचा, अहवाल, पॅकहाउस, सगळं संगणकावर. पेटीवरून थेट बागेपर्यंत पोहोचता येतं, आणि हे ब्लॉकचेनशिवाय झालं. २०१० मध्ये मात्र युरोपातल्या बंदरांवर आपले कंटेनर अडकले. क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात त्याचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायन तेव्हा नव्हतंच. अहवाल खोटे नव्हते, नोंदींत फेरफार झाला नव्हता. जे विचारलंच नाही त्याचं उत्तर कुठल्याच नोंदीत नव्हतं. ब्लॉकचेनने इथे काय वेगळं केलं असतं, ते मला कुणी अजून पटवून देऊ शकलेलं नाही.

एक प्रश्न कोर्टाचा. फसवून टोकन लाटलं आणि न्यायाधीशांनी परत द्यायचा हुकूम केला, तर तो हुकूम वहीला कसा कळवायचा? किल्ली आरोपीकडे, आरोपी फरार. किंवा किल्ली वडिलांकडे, वडील वारले आणि आकडा कुठे लिहून ठेवलाय ते घरात कुणाला माहीत नाही. यावर उपाय म्हणून कंपनीकडे एक मास्टर किल्ली ठेवतात, तिने चुकीची नोंद दुरुस्त करता येते. उपाय चांगला आहे. पण मग विश्वास पुन्हा कंपनीवरच ठेवायचा आहे, आणि ते एक साधं रजिस्टर झालं, फक्त महागडं.

२०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर हा पेच उघडा पडला. द डाओ नावाच्या निधीच्या कोडमधली फट वापरून जूनमध्ये सुमारे ३६ लाख इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, कुणीतरी वळवले. कोडच्या नियमांनी बघितलं तर तो व्यवहार वैध होता. बऱ्याच चर्चेनंतर २० जुलैला ते पैसे परत फिरवणारा बदल करण्यात आला. ज्यांना तो पटला नाही त्यांनी जुनी वही तशीच पुढे चालवली, तीच आजची इथेरियम क्लासिक. एका वहीच्या दोन झाल्या. नाण्यांच्या बाबतीत हे खपून गेलं, लोकांकडे दोन्हीकडची नाणी आली. दिंडोरीच्या बागेचं टोकन त्या दिवशी वहीत असतं तर टोकन दोन झाले असते, बाग एकच.

मग हे चालतं कुठे? जिथे ती चीजच मुळात कुणाची तरी नोंद किंवा वचन असते तिथे. शेअर हे त्याचं उत्तम उदाहरण. शेअरला वजन नाही, तो सडत नाही, तो म्हणजे कंपनीने मान्य केलेला हक्क. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर कागदावरून संगणकावर गेले आणि कायद्यानेच सांगितलं की ही नोंद प्रमाण. ते यशस्वी झालं, ब्लॉकचेन जन्मायच्या बारा वर्षं आधी. उलट ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली नोंदव्यवस्था ब्लॉकचेनच्या धर्तीवर न्यायचा घाट घातला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तो थांबवला, सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्ची पडल्यावर. त्याच महिन्यात मर्स्क आणि आयबीएम यांनीही आपली ट्रेडलेन्स ही जहाजवाहतुकीची व्यवस्था बंद करत असल्याचं जाहीर केलं. ट्रेडलेन्समध्ये तंत्र बिघडलं नव्हतं. सगळे प्रतिस्पर्धी एका वहीत लिहायला पुरेसे राजी झाले नाहीत.

दाखल्यांना हे तंत्र शोभतं. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली उपविभागाने २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायला घेतले. दाखला देणारं कार्यालयच नोंद करतं, तेव्हा 'हा दाखला आम्हीच दिला' एवढी गोष्ट वही पक्की सांगते. तो देताना चौकशी नीट झाली होती का, हे तिच्या कक्षेबाहेरच.

सोन्याचे टोकनही चालतात. पॅक्स गोल्डचा एक टोकन म्हणजे लंडनच्या तिजोरीतलं एक ट्रॉय औंस सोनं. ते चालतं कारण मागे पॅक्सॉस ही नियमनाखालची कंपनी आहे, तिजोरी आहे, लेखापरीक्षक आहेत. सोनं न सडणारं आणि एकसारखं, हीही त्याची जमेची बाजू. डॉलरचे टोकनही तसेच, आणि तिथे दुवा कसा तुटतो ते मार्च २०२३ मध्ये दिसलं. यूएसडीसी या डॉलरच्या टोकनमागचे ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले, बँक बुडाली, आणि एक डॉलरचा टोकन काही काळ ८८ सेंटच्याही खाली आला. वही त्या दिवशीही बिनचूक चालू होती. लोक बँकेकडे बघत होते.

गमतीची गोष्ट, ही हद्द आपल्या आयकर खात्याने सगळ्यात नेमकी ओळखली. २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. एनएफटी, म्हणजे एखाद्या एकमेव वस्तूचे टोकन, तेही त्यात येतात. पण ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने एक अपवाद केला : ज्या एनएफटीच्या हस्तांतरणाने मूळ मूर्त वस्तूची मालकी जाते, आणि ते जाणं कायद्याने बजावता येतं, ती यात धरायची नाही. म्हणजे टोकनबरोबर वस्तू खरोखर जाते का, हा प्रश्न करवसुलीवाल्यांनाही टाळता आला नाही. योजनावाल्याला एवढंच विचारा की तुमचं टोकन या अपवादात बसतं का. 'बसतं' म्हणाला तर कुठल्या दस्ताने ते दाखवू दे. 'नाही' म्हणाला तर नफ्यातले ३० टक्के कर म्हणून जातील, आणि वस्तू तुमची झालेलीच नसेल.

तरीही कुणाला तपासून घ्यायचं असेल तर टोकनचा पत्ता आणि ॲपचे स्क्रीनशॉट मला पाठवू नका, त्यातून मला काही कळत नाही. गट किंवा सर्व्हे नंबर पाठवा, कंपनीचा नोंदणी क्रमांक पाठवा, टोकनवाल्याला नेमका कशाचा हक्क मिळतो ते सांगणारं करारातलं पान पाठवा. आणि वाद झाला तर कुठल्या कोर्टात जायचं ते सांगणारं कलम, बहुतेक वेळा ते शेवटच्या पानावर बारीक टाइपात असतं. तिथे सिंगापूर किंवा केमन बेटं लिहिलेलं असेल तर नाशिकचा वकील घेऊन उपयोग नाही.